रात्रीचं पाणी

परवा सकाळी साडेसातला अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. इथे सात रस्त्यावर शाळेच्या रिक्षांचा आणि दूधवाल्यांचा गलका चाललेला, आणि तिकडे नॅशव्हिलला रात्रीचे नऊ. म्हणाला, "मामा, फार बोलत नाही, तळ्यावर निघालोय. रात्रभर ट्रोलिंग करणार."

मी म्हटलं, अरे, चाळिशी उलटली तुझी, हे काय चाळे? आमच्या माहितीतलं ट्रोलिंग म्हणजे इंटरनेटवर लोकांना डिवचून भांडणं लावणं. तो पोट धरून हसला. मग समजावून सांगितलं. ट्रोलिंग ही मासे धरायची जुनी रीत आहे. होडी अगदी सावकाश चालवायची आणि आमिष लावलेले गळ पाण्यातून ओढत न्यायचे. हा शब्द इंग्रजीत इतका जुना आहे, की रॉबर्ट नोब्ज नावाच्या माणसाने १६८२ साली या विषयावर एक पुस्तकच लिहिलं होतं. इंटरनेटवाल्यांनीही शब्द इथूनच उचलला असं म्हणतात. गळ टाकायचा आणि कोण तोंड लावतंय ते बघत बसायचं, म्हटलं तर धंदा एकच! (कोकणातल्या ट्रॉलरशी मात्र याची गल्लत करू नका. ट्रॉलर मोठं जाळं तळाशी ओढतो. इथे सगळं गळांवर असतं.)

हा ज्या माशामागे जातो त्याचं नाव क्रॅपी. हातभरसुद्धा लांब नसतो, चपटा, रुपेरी, अंगावर काळे ठिपके. लुइझियानातले फ्रेंच बोलणारे लोक त्याला 'दुधाची पिशवी' अशा अर्थाचं नाव देतात. तोंडाची कातडी इतकी पातळ, की झटका दिला तर गळ फाडून निसटतो. म्हणून होडीचा वेग तासाला जेमतेम एक-दीड किलोमीटर ठेवायचा, पाच-सहा काठ्या पंख्यासारख्या पुढे पसरायच्या आणि गप्प बसायचं. रात्रीच का, तर उन्हाळ्यात दिवसा पाणी तापलं की मासा खोल जातो. शिवाय दिव्याचा उपयोग होतो. उजेडाभोवती पाण्यातले बारीक जीव जमतात, त्यांना खायला चिंगळ्यांसारखे मासे येतात आणि त्यांना खायला क्रॅपी येतो.

फोन ठेवला आणि चहा घेता घेता मनात आलं, आपल्याकडे हे कधी कोणी केलं असेल का? आमच्या घरात मासा शिजत नाही. सोलापूर म्हणजे ज्वारी, शेंगाचटणी आणि चादरी. माशाचा विचार इथे कोण करतो? असा माझा समज होता. मग दोन-तीन दिवस कपाटातली पुस्तकं उपसली.

बी.ए.ला आम्हाला मराठी भाषेच्या उगमाच्या पेपरात 'मानसोल्लास' होता. म्हणजे ग्रंथ नव्हे, त्यातली एक नोंद. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१ मध्ये, म्हणजे इ.स. ११२९ ला, हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असं त्यात आहे. एवढं पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पुढे तीसेक वर्षं मुलांनाही सांगितलं. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी संपादून छापलाय, पहिला खंड १९२५ चा. मी तो कधी उघडलाही नव्हता. ग्रंथाच्या पाच विंशती आहेत, प्रत्येकीत वीस अध्याय. चौथ्या विंशतीत राजाच्या करमणुकी आहेत. ओवीची नोंद तिथेच गीताच्या प्रकरणात आहे, आणि त्याच विंशतीत 'मत्स्यविनोद' नावाचं एक अख्खं प्रकरण आहे!

माशांच्या पस्तीसेक जाती त्यात दिल्यात. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणत्या माशाला काय खाऊ घालून जवळ आणावं, गळाची दोरी कशाची वळावी, काठी कशी असावी, तेही आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहून जगाचं लक्ष वेधलं. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. मला हे सगळं पंचाहत्तरीला आल्यावर कळावं! ओवी सांगताना शेजारच्या प्रकरणात काय आहे हे बघायची बुद्धी एकदाही झाली नाही.

त्याच शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खणला. त्या काळी सोलापूर सोन्नलगी होतं. गड्ड्याच्या यात्रेला येणारा प्रत्येक जण तो तलाव बघतो. देवळाचं पाणी म्हणून त्याच्याकडे आपण हात जोडूनच पाहतो. सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागलं की कंबर तलाव, आता त्याला संभाजी तलाव म्हणतात. आणि तुळजापूरच्या वाटेवर हिप्परग्याचा, कागदोपत्री एकरुख. अदिला नदीवर इंग्रजांनी बांधलेला हा तलाव १८७१ साली पुरा झाला. म्हणजे १८७६-७८ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा तो भरून, किंवा आटून, समोर होता.

आपल्या मुलखाला बारमाही नद्या नाहीत. जिथे पाणी आहे तिथे ते कोणीतरी अडवलेलं आहे. आणि अडवलेल्या पाण्यात मासे आले की त्यामागे भोई आले. पालखी खांद्यावर घ्यायची आणि पाण्यात जाळं टाकायचं, ही त्यांची दोन कामं. पालख्या-मेणे गेले, जाळं राहिलं. भीमेच्या डोहाडोहाला नावं होती आणि कोणत्या डोहात वांब, कोणत्या डोहात मरळ, हे ज्याच्या त्याच्या घरात माहीत होतं.

मग उजनी झालं. १९८० च्या सुमाराला भीमेचं पाणी अडलं आणि डोह, देवळं, गावं सगळं एका पाण्याखाली गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून वर डोकावतं. धरणाची क्षमता ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, हा 'मृत साठा'. दर उन्हाळ्यात आपण पेपरात वाचतो, उजनी मायनसमध्ये गेली. इंजिनियरांच्या भाषेतलं हे मृत पाणी, पण मासा उन्हाळ्यात जगतो तो याच पाण्यावर. नदीचा मासा या थांबलेल्या पाण्यात कमी होत गेला, कटला-रोहू सोडले गेले, आणि चिलापी माजली. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळ आफ्रिकेची. भारतात ती १९५२ साली आणली गेली. आता भिगवणच्या, इंदापूरच्या बाजारात तिचे ढीग लागतात.

भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, मामा, आमचंही तसंच आहे. तो जिथे जातो ते केंटकी लेक हे तळं नव्हेच. टेनेसी नदीवर धरण बांधलं, ते १९४४ साली पूर्ण झालं आणि बर्मिंगहॅम नावाचं एक गावच त्याखाली गेलं. क्रॅपीला संथ पाणी आणि बुडालेली झाडंझुडपं आवडतात, म्हणून तिथे तो एवढा वाढला. त्याच्या होडीत एक यंत्र आहे, त्यावर तळाचं चित्र दिसतं. जुने रस्ते, बुंधे. तो त्यावरूनच होडी नेतो. ऐकताना मला पळसदेव आठवलं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

१९८६ ची गोष्ट असावी. आठवीचा वर्ग, पहिला तास इतिहासाचा. मागच्या बाकावर एक मुलगा रोज झोपायचा. हळूच डुलकी नव्हे, डोकं बाकावर टाकून गाढ. आधी उठवलं, मग उभं केलं, मग वर्गाबाहेर काढलं. मी त्याला 'कुंभकर्ण' म्हणायचो. वर्ग हसायचा. मलाही आपण फार विनोदी आहोत असं वाटायचं.

त्या वर्षी कोजागिरीला आम्ही चार-पाच शिक्षक तुळजापूरला पायी निघालो. सोलापूरकरांना सांगायला नको, त्या रात्री तो रस्ता माणसांनी वाहत असतो. हिप्परग्याजवळ तलावाच्या काठाला पाय मोकळे करायला बसलो. लख्ख चांदणं. काठाला एक होडी लागत होती. वल्ह्यावर हा मुलगा. मला बघून तो उभाच राहिला, वर्गात राहायचा तसा. बाप मागे दोरी गुंडाळत होता.

बाप बोलका होता. त्याचं गाव उजनीत गेलेलं, म्हणून तो इकडे पाहुण्यांच्या आधाराने आला होता. चांदण्या रात्री फारसं काही मिळत नाही म्हणाला, मासा उजेडाला येत नाही, सगळीकडेच उजेड. काळोख्या पंधरवड्यात गॅसबत्ती लावून रात्र काढायची. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे काढायची, आणि मधल्या वेळात रिकामं कशाला बसायचं म्हणून दोरीला गळ लावून मागे सोडायची. पोरगं होडी हळू हळू चालवतं.

"झोपला तर?" मी विचारलं.

"झोपून कसं चालंल सर? वल्हं थांबलं की दोरी खाली बसती. शेवाळात अडकली की गळ गेले. पोरगं लई हुशार हाय वल्ह्याला, आवाज करत न्हाई." मग विचारलं, "साळंत कसं हाय?"

मी म्हटलं, "बरं आहे."

त्यानंतर मी त्याला कुंभकर्ण म्हणणं बंद केलं. शेवटच्या बाकावर कोपऱ्यात जागा दिली आणि झोपू दिलं. तेव्हा वाटायचं, आपण मोठं मन दाखवलं. आज हिशेब मांडतो तेव्हा दिसतं, की काहीच केलं नव्हतं. इतिहासाचा तास दुपारी घेता आला असता, मुख्याध्यापकांना नुसतं विचारायचं होतं. त्याच्या वाटचा धडा मधल्या सुट्टीत सांगता आला असता. किंवा त्यालाच उभं करून विचारता आलं असतं, बाबा, तुझं गाव कोणतं, ते पाण्याखाली कसं गेलं, सांग वर्गाला. आम्ही शाळेची सहल त्याच तलावावर नेली होती. मी मुलांना १८७१ हे साल सांगितलं, इंग्रजांचं बांधकाम किती पक्कं ते सांगितलं, डबे खाल्ले आणि परत आलो. तो मुलगा त्या दिवशी गैरहजर होता.

भाच्याला विचारलं, रात्री पाण्यावर भीती वाटत नाही? म्हणाला, सगळे जाकीट घालतात, वारा सुटणार असला तर मोबाईलवर आधीच कळतं. आपल्याकडे २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला जाणारी बोट उजनीत वादळाने उलटली, सहा जण गेले. ती प्रवाशांची बोट होती. पण बातमी वाचताना मला तो मुलगाच डोळ्यांपुढे आला. आता तो पन्नाशीच्या पुढे असेल. त्याच्या अंगात जाकीट वगैरे काही नव्हतं. होती ती बापाची बंडी, गुडघ्यापर्यंत आलेली.

हेही खरं, की दिव्याची ही युक्ती हाताबाहेरही जाते. समुद्रात मोठ्या बोटी एलईडीचे झोत सोडून लहान-मोठा सगळा मासा ओढून घ्यायला लागल्या, तेव्हा केंद्र सरकारने २०१७ साली त्यावर बंदी घातली. एक गॅसबत्ती आणि एक वल्हं, यात तलाव रिकामा होत नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तो शाळेत आला नाही. दिवाळी म्हणजे अमावस्या, काळोखी रात्र, त्यांच्या कामाचे दिवस. मी आठवडाभर वाट पाहिली. मग पंधरा दिवस. निरोप पाठवला नाही, हिप्परगा काही लांब नव्हतं, स्कूटरवर अर्धा तास. पुढच्या महिन्यात हजेरीपटावर त्याच्या नावावर लाल शाईने रेघ मारली.

भाचा पुढच्या शनिवारी पुन्हा तळ्यावर जाणार आहे. या वेळी मुलाला नेतो म्हणाला, तोही आठवीतच आहे. मी विचारलं, दुसऱ्या दिवशी शाळा आहे का? म्हणाला, नाही मामा, रविवार आहे.