न हललेले टेबल : स्टॉप-मोशनच्या इतिहासातील विद्यार्थी

एखादी निर्जीव वस्तू कॅमेऱ्यासमोर ठेवून तिचे एक छायाचित्र घ्यायचे, मग ती वस्तू केसभर सरकवून दुसरे घ्यायचे, आणि अशी शेकडो-हजारो छायाचित्रे सलग दाखवून ती वस्तू आपण होऊन हालचाल करत आहे असा भास निर्माण करायचा, या पद्धतीला स्टॉप-मोशन असे म्हणतात. चित्रपटात सेकंदाला 24 चौकटी डोळ्यांपुढून सरकतात. बहुतेक कारागीर प्रत्येक स्थिती दोन चौकटींत टिपतात, म्हणजे एका सेकंदासाठी बाहुली निदान 12 वेळा हलवावी लागते. या कलेचा इतिहास सांगताना ‘किंग काँग’ (1933) मधील विलिस ओब्रायन यांचा वानर किंवा रे हॅरीहाउझेन यांचे लढणारे सांगाडे यांच्याकडे प्रथम लक्ष जाते आणि ते स्वाभाविकही आहे; परंतु या कलेतील अनेक महत्त्वाची वळणे नवशिक्यांनी, छंदिष्टांनी आणि विद्यार्थ्यांनी घेतलेली आहेत ही गोष्ट त्यामुळे झाकली जाते. या कामाला भांडवल तुलनेने थोडे लागते, मात्र कुणीही हात लावणार नाही अशी जागा आणि मोजदाद न करता खर्चता येईल असा वेळ या दोन गोष्टी भरपूर लागतात. विद्यार्थ्याजवळ यांपैकी वेळ थोडाफार असतो. जागेचा प्रश्न मात्र या इतिहासात पुन्हापुन्हा उभा राहतो.

आरंभीच्या काळात तर हे तंत्र शिकवणारी शाळाच अस्तित्वात नव्हती, त्यामुळे जो तो स्वतःचाच विद्यार्थी होता. लादिस्लास स्तारेविच हे लिथुआनियातील कौनास येथील निसर्गविज्ञान संग्रहालयाचे प्रमुख होते. शिंगांसारखे जबडे असलेल्या भुंगेऱ्यांची झुंज त्यांना 1910 च्या सुमारास चित्रित करायची होती, पण दिव्यांच्या प्रकाशात ते जिवंत कीटक निश्चल होऊन बसत. तेव्हा त्यांनी मेलेल्या भुंगेऱ्यांचे पाय काढून त्या जागी लाखेने तारा बसवल्या आणि ती झुंज चौकटीचौकटीने रचली. कीटकशास्त्राच्या अडचणीतून एक नवी कला हाती लागली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

जवळपास त्याच सुमारास मुंबईत धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके याच वाटेला लागले होते. 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांनी चित्रपटनिर्मितीचे थोडेफार प्रात्यक्षिक पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन ते परतले. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करायचे, तर या यंत्राने काय साधता येते ते धनिकांना प्रत्यक्ष दाखवणे भाग होते. म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसवला आणि रोप वर येईपर्यंत त्याच्या वाढीची चित्रे घेतली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा सुमारे मिनिटभराचा लघुपट पाहूनच त्यांना कर्ज मिळाले.

या लघुपटाबद्दल ‘महिनाभर रोज एक चौकट’ अशी हकिगत सर्वत्र सांगितली जाते. तिचा हिशोब मात्र जुळत नाही. मूकपटाच्या काळातील सेकंदाला 16 चौकटींची गती धरली, तर मिनिटभराच्या चित्रासाठी साडेनऊशेहून अधिक चौकटी लागतात, आणि महिनाभर रोज एक चौकट घेतली तर पडद्यावर दोन सेकंदांचेही चित्र उमटत नाही. म्हणजे एक तर फाळके दिवसाला सरासरी तीसेक चौकटी घेत असले पाहिजेत, किंवा लघुपटाची लांबी पुढे सांगताना वाढली असली पाहिजे. यातली पहिली शक्यता अधिक पटण्यासारखी आहे. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेरीला साधारणतः 8 चौकटी पुढे सरकत, आणि एकेक चौकट सुटी टिपायची तर वेगळी सोय करावी लागे. त्यामुळे दिवसातून काही वेळा दांडा थोडाथोडा फिरवणे हाच सोपा मार्ग होता.

काटेकोरपणे पाहिले, तर अंकुराच्या या चित्राला स्टॉप-मोशन म्हणता येत नाही, कारण तेथे हालचाल निसर्ग करत होता आणि माणूस केवळ वाट पाहत होता. काडीकाडी हाताने सरकवून घडवलेला खेळ फाळक्यांनी 1915 च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात केला. महायुद्धाच्या टंचाईच्या काळात आगपेटीपेक्षा स्वस्त नट मिळणे अवघडच होते. काड्यांना जिवंत करण्याची कल्पना युरोपात आधीच रूढ होती आणि फ्रान्सच्या एमिल कोल यांनी 1908 मध्ये असा लघुपट केलेला होता; पण कल्पना पाहिलेली असणे आणि घरच्या साधनांनी ती स्वतः करून पाहणे यांत जे अंतर असते, ते फाळक्यांनी कोणत्याही गुरूवाचून ओलांडले. मात्र हे काम त्यांच्यापाशीच थांबले. पौराणिक चित्रपटांची मागणी इतकी मोठी होती की आगकाड्यांचा खेळ पुढे चालवणारा शिष्यवर्ग त्यांच्याभोवती तयार झाला नाही.

इंग्लंडमधील ज्या परंपरेमुळे स्टॉप-मोशन घराघरांत पोहोचले, तिचे मूळ द्रव्यही वर्गातच जन्मले होते. बाथ येथील कलाशिक्षक विल्यम हारबट यांनी 1897 मध्ये आपल्या शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांसाठी न वाळणारी, पुन्हापुन्हा मळता येणारी कृत्रिम माती तयार केली, तीच प्लॅस्टिसिन. साधी माती हवेने वाळते आणि तडकते, त्यामुळे दिवसेंदिवस चालणाऱ्या चित्रीकरणाला ती निरुपयोगी ठरते; प्लॅस्टिसिन मात्र आठवड्यानंतरही कालच्यासारखेच वाकते. अशा मातीच्या साहाय्याने केलेल्या स्टॉप-मोशनला क्ले अ‍ॅनिमेशन म्हणतात. अमेरिकेत आर्ट क्लोकी या तरुणाने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्लाव्हको व्होरकापिच यांच्या हाताखाली शिकत असताना, 1950 च्या दशकाच्या पूर्वार्धात, मातीच्या आकारांना जॅझच्या तालावर नाचवणारा ‘गम्बासिया’ हा तीनेक मिनिटांचा लघुपट केला, आणि तो पाहूनच एका हॉलिवूड निर्मात्याने गम्बी या त्याच्या हिरव्या मातीच्या पात्राच्या मालिकेचा मार्ग मोकळा केला. इंग्लंडमध्ये पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन शाळासोबत्यांनी घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर कॅमेरा उलटा टांगून खडूची चित्रे आणि कागदी कातरणे हलवायला सुरुवात केली. त्यांच्या कामातला एक तुकडा बीबीसीने बहिऱ्या मुलांसाठीच्या कार्यक्रमात घेतला आणि 1972 मध्ये आर्डमन ही संस्था उभी राहिली. त्या काळी घरातल्या मंडळींनी जेवणे कुठे उरकली असतील, हा प्रश्न कोणत्याही चरित्रकाराने विचारलेला दिसत नाही. पण स्टॉप-मोशनच्या इतिहासात तो गौण नाही.

विद्यार्थ्याच्या प्रकल्पाचा सर्वांत बोलका दाखला मात्र निक पार्क यांच्या ‘अ ग्रँड डे आउट’ या चित्रपटाचा आहे. 1958 मध्ये लँकाशायरमधील प्रेस्टन येथे जन्मलेल्या पार्क यांनी शाळकरी वयातच घराच्या माळ्यावर आईच्या 8 मि.मी. कॅमेऱ्याने लघुपट केले होते आणि त्यांतील एक बीबीसीवर 1975 मध्ये दाखवलाही गेला होता. शेफील्ड येथील शिक्षण संपवून ते 1980 मध्ये बीकन्सफील्डच्या राष्ट्रीय चित्रपट विद्यालयात दाखल झाले आणि 1982 मध्ये पदवीसाठीचा प्रकल्प म्हणून त्यांनी एक कथा हाती घेतली. चीज संपले म्हणून वॉलेस हा विक्षिप्त संशोधक आणि ग्रोमिट हा त्याचा शहाणा कुत्रा घरीच रॉकेट बांधून चंद्रावर जातात, असे तिचे सूत्र होते. मूळ कथा याहून कितीतरी मोठी होती. चंद्रावर खाद्यगृह आणि तेथे गोळा झालेली पात्रांची झुंबड असा तिचा पसारा होता. विद्यार्थ्याच्या हातून नेहमी होणारी चूक येथेही झाली होती, ती म्हणजे कागदावर एका ओळीत लिहिलेल्या गर्दीतल्या प्रत्येकाला चौकटीचौकटीने हलवावे लागते याचा विसर. कथा छाटली गेली नसती, तर हा चित्रपट बहुधा पूर्णच झाला नसता.

छाटल्यानंतरही तो 23 मिनिटांचा राहिला. सेकंदाला 24 या हिशोबाने त्यात 33 हजारांहून अधिक चौकटी येतात, आणि प्रत्येक स्थितीसाठी दोन चौकटी धरल्या तरी साडेसोळा हजार वेळा बाहुल्यांना हात लावणे क्रमप्राप्त होते. बाहुलीच्या आत तारेचा किंवा धातूच्या सांध्यांचा सांगाडा असतो, त्याला आर्मेचर म्हणतात; तो बाहुलीला तोलून धरतो, पण वरची माती दिव्यांच्या उष्णतेने मऊ पडते, तिच्यावर बोटांचे ठसे उमटतात आणि धूळ बसते, म्हणून ती सतत पुसावी आणि नव्याने घडवावी लागते. त्यातच तो फिल्मचा काळ होता. घेतलेली चौकट बरोबर आली की नाही हे प्रयोगशाळेतून फिल्म धुऊन आल्यावरच कळे. आधीच्या स्थितीची खूण म्हणून बाहुलीच्या नाकाशी किंवा कोपराशी टेकवलेल्या एका टोकदार दर्शकाचाच काय तो आधार असे. मधल्याच चौकटीत सेटला धक्का लागला किंवा दिवा गेला, तर ते दृश्य पहिल्यापासून घ्यावे लागे. पटकथेच्या पहिल्याच पानाच्या चित्रीकरणाला वर्षाहून अधिक काळ लागला, ही हकिगत या पार्श्वभूमीवर अतिशयोक्त वाटत नाही.

आवाजाची गोष्ट या प्रकल्पाचा काळ किती लांबला हे नेमके दाखवते. दूरचित्रवाणीवर लोकप्रिय असलेले वयस्क अभिनेते पीटर सॅलिस यांना पार्क यांनी विद्यार्थी असतानाच पत्र लिहिले आणि मानधन म्हणून त्यांच्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेला 50 पौंड देऊ केले. सॅलिस यांनी आवाज दिला, आणि सुमारे सहा वर्षांनी चित्रपट पूर्ण झाल्याचा दूरध्वनी आला तेव्हा त्यांना आश्चर्यच वाटले. पण त्या जुन्या ध्वनिमुद्रणाने बाहुलीचे रूपच बदलले होते. ‘चीज’ हा शब्द सॅलिस ज्या प्रकारे ताणून उच्चारत, त्याला साजेसे तोंड द्यायचे तर वॉलेसचे ओठ कानापर्यंत फाकवावे लागत; त्यातून ते रुंद हास्य तयार झाले. ग्रोमिटलाही आरंभी आवाज द्यायचा विचार होता, परंतु केवळ कपाळाची घडी वरखाली केल्याने त्याचे सारे म्हणणे कळते हे पार्क यांना काम करताना उमगले आणि संवाद रद्द झाले. असे निर्णय पटकथा लिहिताना सुचत नाहीत. हात मातीत असतानाच ते होतात, आणि म्हणून प्रकल्पाला लागलेला सारा वेळ वाया गेला असे म्हणता येत नाही.

तरीही तो प्रकल्प विद्यालयात पूर्ण झाला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. विद्यालयात व्याख्यानासाठी आलेल्या लॉर्ड आणि स्प्रॉक्स्टन यांनी पार्क यांचे काम पाहिले, आणि 1985 मध्ये पार्क ब्रिस्टॉलला आर्डमनमध्ये रुजू झाले. तेथे पोट भरण्यासाठी इतर कामे करायची आणि उरलेल्या वेळात स्टुडिओच्या जागेत, त्यांच्याच साधनांनी स्वतःचा चित्रपट पुढे न्यायचा, अशी सोय झाली. पीटर गॅब्रिएल यांच्या ‘स्लेजहॅमर’ (1986) या गाजलेल्या संगीतचित्रफितीतील काम याच काळातले. 1989 च्या नोव्हेंबरात ब्रिस्टॉल येथील महोत्सवात ‘अ ग्रँड डे आउट’ प्रथम दाखवला गेला. आरंभापासून सात वर्षे उलटली होती. पुढे त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, पण 1991 च्या त्या समारंभात पुरस्कार मिळाला तो पार्क यांच्याच ‘क्रिएचर कम्फर्ट्स’ या पाचेक मिनिटांच्या लघुपटाला, जो त्यांनी आर्डमनमध्ये नोकरीत असताना केला होता. त्यानंतरचा ‘द राँग ट्राउझर्स’ (1993) अर्ध्या तासाचा होता आणि त्याचे चित्रीकरण साधारण वर्षभरात आटोपले. एका विद्यार्थ्याची सात वर्षे आणि कार्यशाळेचे एक वर्ष ही तुलना क्रूर वाटेल, पण ती खरी आहे. माती तीच आणि माणूसही तोच होता. वाढले होते ते हातांचे बळ आणि पूर्णवेळ मांडून ठेवता येणारे सेट.

आज फिल्मची जागा डिजिटल कॅमेऱ्याने घेतली आहे. आधीची चौकट संगणकाच्या पडद्यावर फिकट दिसत राहते आणि तिच्यावर नवी स्थिती ताडून पाहता येते, त्यामुळे तो टोकदार दर्शक अडगळीत गेला. चूक झाली तर ती त्याच क्षणी दिसते आणि तेवढीच चौकट पुसता येते. साधा मोबाईलही हे काम करतो. भारतात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेसारख्या शाळांमधून हे तंत्र शिकलेली मंडळी व्यवसायात आली, आणि त्यांच्यापैकीच सुरेश एरियत यांच्या दिग्दर्शनाखाली मुंबईच्या स्टुडिओ ईकसॉरसने रस्त्यावर टोपल्या विकणाऱ्या मुलीची ‘टोकरी’ ही कथा स्टॉप-मोशनमध्ये साकारली, तीही जाहिरातींची कामे सांभाळत, अनेक वर्षे खर्चून. म्हणजे साधने बदलली तरी कामाचा वेग फारसा बदललेला नाही, कारण बाहुलीला हलवणारे बोट आजही माणसाचेच आहे.

अभ्यासक्रमांनी या वस्तुस्थितीची दखल पुरेशी घेतलेली नाही. सत्राच्या वेळापत्रकात काही आठवड्यांचा प्रकल्प बसवला जातो आणि संध्याकाळी वर्ग रिकामा करायचा म्हणून विद्यार्थ्याला सेट उचलून ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी तोच सेट पुन्हा मांडला, तरी दिव्याचा कोन आणि कॅमेऱ्याची उंची तंतोतंत जुळत नाही आणि पडद्यावर चित्र उडी मारते. एका उत्कृष्ट कॅमेऱ्याच्या किमतीत एखादी लहान खोली पडदे आणि पक्के टेबल घालून सज्ज करता येते. मुंबई-पुण्यातील कला आणि चित्रपट शिक्षणसंस्थांनी स्टॉप-मोशनच्या विद्यार्थ्याला नवे यंत्र देण्याआधी अशी कुलूपबंद खोली द्यावी आणि सत्र संपल्यावरही काही महिने तिची किल्ली त्याच्याकडेच राहू द्यावी.