पिढी (सीमाभाग : निपाणी परिसर)

‘पिढी’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ रूढ आहेत. वंशावळीत बापापासून लेकापर्यंतची एक पायरी म्हणजे पिढी, आणि एकाच सुमारास वाढलेला समवयस्कांचा समूह म्हणजेही पिढीच. पहिल्या अर्थाची रेघ घराघरांत वेगळी पडते. धाकटा चुलता आणि थोरला पुतण्या एकाच वर्गात बसलेले असू शकतात. दुसऱ्या अर्थाची रेघ वादग्रस्त आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्र १९८१ ते १९९६ या जन्मसालांची ‘मिलेनियल’ पिढी धरते. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने मात्र १९२८ मधील निबंधात जन्मसालापेक्षा ऐन तारुण्यात वाट्याला आलेल्या घटनांना निर्णायक मानले. निपाणीला मानहाइमचीच कसोटी लागू पडते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याबरोबर निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. १९४० मध्ये जन्मलेला मुलगा एका राज्यात शाळा शिकला आणि गाव न सोडता दुसऱ्या राज्यात सज्ञान झाला. १९५६ च्याच जानेवारीत या राज्यबदलाविरुद्ध झालेल्या आंदोलनातील हुतात्म्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते होत्या. १७ जानेवारीचा हुतात्मा दिन या पिढीने सुरू ठेवला. या पिढीमागून आलेल्यांनी राज्यबदल पाहिला नव्हता, त्यांच्या वाट्याला प्रतीक्षा आली. १९६७ मध्ये सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, पण निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे सुचवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि शिफारस कागदावरच राहिली. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाने तिसरी रेघ आखली. तेव्हा शाळा-कॉलेजात असलेल्यांना सीमाप्रश्न नकाशावर नव्हे, पाठ्यपुस्तकात आणि सरकारी अर्जावर भेटला.

या विभागणीवर मोठा आक्षेप असा, की ती भाषेच्या चळवळीपुरतीच खरी आहे. निपाणी तंबाखूवर जगली. आक्षेप रास्त आहे. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवून धरला, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या वयोगटाची आठवण १९५६ ऐवजी इथून सुरू होते. त्याच काळात वखारीत धुळीने खोकत राबणाऱ्या बायांचा झगडा मजुरीसाठी होता. शेतकऱ्याला मालाचा भाव हवा होता, बाईला रोजाचा. वय एक, हिशेब निराळे. मानहाइमने एका पिढीतच परस्परविरोधी गट मानले होते, त्यामुळे या उदाहरणाने कसोटी मोडत नाही, उलट अधिक नेमकी होते. निपाणीलगतचे अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात असल्याने राज्यसीमा रोजच ओलांडली जाई, म्हणून १९५६ ला इतके वजन देऊ नये, असेही म्हणता येईल. परंतु रोज ओलांडावी लागणारी सीमा विसरली जात नाही.

२००४ नंतरच्यांच्या वाट्याला पुन्हा प्रतीक्षाच आहे : सीमाभागाबाबतचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित.