रिपीटर कोणाचा?

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी साताऱ्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. नकाशावर या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा साधारण ११० किलोमीटर भरते. समजा, हौशी रेडिओचा म्हणजे ‘हॅम’चा परवाना नुकताच मिळालेला एखादा शिक्षक साताऱ्यात पाच वॅटचा हातात धरायचा संच घेऊन गच्चीवर उभा राहिला आणि सांगलीच्या मित्राला हाक मारू लागला. त्याची हाक सांगलीला पोचणार नाही. संचाची शक्ती कमी आहे म्हणून नव्हे. पृथ्वी गोल आहे आणि मध्ये डोंगर आहेत म्हणून.

हे संच बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतात. येथे तरंगलांबी सुमारे दोन मीटर असते आणि असे तरंग जवळजवळ प्रकाशासारखे सरळ जातात. पायथागोरसच्या सिद्धांतावरून काढलेले एक सोपे सूत्र वर्गात फळ्यावर मांडता येईल. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ३.५७ ने गुणावे. क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वातावरणात तरंग किंचित वाकतात, म्हणून रेडिओसाठी ३.५७ ऐवजी ४.१२ घेतात. सपाट माळावर उभ्या असलेल्या दोन माणसांचे संच जमिनीपासून दीड मीटर उंच धरले, तर हे अंतर जेमतेम १० किलोमीटर येते. अजिंक्यतारा सांगलीच्या पातळीपेक्षा सुमारे ४५० मीटर उंच आहे. तेथून ८७ किलोमीटर, आणि सांगलीच्या गच्चीवरील नऊ मीटर उंच अँटेनाचे १२ मिळून ९९. म्हणजे किल्ल्यावर चढूनही दहा-अकरा किलोमीटर कमीच पडतात. मात्र कराडच्या आसपास २५० मीटर उंचीचा एखादा डोंगर निवडून तेथे मध्यस्थ बसवला, तर त्याची दृष्टी त्याच गच्चीपर्यंत ७७ किलोमीटर जाते. कराडहून सातारा सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आत आहे आणि सांगली ६५ च्या आत. मधला एखादा डोंगर आडवा आला नाही, तर दोन्ही शहरे एकमेकांशी बोलू शकतील.

या मध्यस्थालाच रिपीटर म्हणतात. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर बोलतो. सिंहगडावरचे दूरदर्शनचे प्रक्षेपण केंद्र वाचकांना ठाऊक असेलच; पण तेथून बोलायचे ते केंद्रानेच, आपण फक्त पाहायचे. रिपीटरमधून कोणीही बोलू शकतो, फक्त एका वेळी एकच जण. गंमत अशी की दोन मीटरच्या पट्ट्यात त्याच्या ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या वारंवारतांत अंतर असते अवघे ६०० किलोहर्ट्झ. बोलणारा भाग २५ वॅट ओकत असतो आणि त्याच अँटेनावर ऐकणाऱ्या भागाला मायक्रोव्होल्टच्या पाचव्या हिश्शाएवढा संकेत टिपायचा असतो. या दोन शक्तींचे गुणोत्तर काढले तर ३ वर १६ शून्ये येतात. नगारखान्यात उभे राहून टाचणी पडल्याचा आवाज ऐकण्यापैकीच हा प्रकार. त्यासाठी सुमारे अर्धा मीटर उंचीची धातूची नळकांडी वापरतात. पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे ५२ सेंटिमीटर. त्या लांबीने अनुनाद साधून एक वारंवारता आत घ्यायची आणि दुसरी बाहेरच थोपवायची. ही नळकांडी बसवणे व जुळवणे हे नाजूक आणि खर्चाचे काम आहे. त्यावर मनोरा, वीज, बॅटरी, वीजरोधक आणि पावसाळ्यात डोंगर चढणारा माणूस. हा खर्च लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा वाद त्यातूनच निघाला.

हौशी रेडिओची परंपरा रिपीटरपेक्षा बरीच जुनी आहे. भारतात १९२१ साली परवाना मिळालेले अमरेंद्रचंद्र गुप्तू आणि त्यांच्यामागोमाग मुकुल बोस यांनी या छंदाचा पाया घातला. तेव्हापासून या छंदात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: परवाना सरकारचा, पण एकदा तो मिळाला की कोणीही कोणालाही हाक मारावी. ‘सीक्यू’ ही हाक म्हणजे ‘जो कोणी ऐकत असेल त्याने उत्तर द्यावे’. वारंवारता कोणाच्याही मालकीची नाही. सरकारने मात्र हा दरवाजा एका झटक्यात बंद करून दाखवला आहे. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच हौशांचे परवाने रद्द झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्याचा प्रक्षेपक उभा करणारे नरिमन प्रिंटर हे या हौशांपैकीच होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी ते केंद्र पकडले. पुढे साताऱ्याच्या प्रतिसरकारला आपले निरोप पायी आणि सायकलवरच पाठवावे लागले. स्वातंत्र्यानंतर परवाने पुन्हा मिळू लागले.

हौशांचा रिपीटर आला तो अमेरिकेत. कॅलिफोर्नियात आर्ट गेन्ट्री या हौशाने १९५० च्या दशकात बसवलेला रिपीटर सर्वांत जुन्यांपैकी एक मानला जातो. नंतर तेथील सरकारने पोलीस, टॅक्सी वगैरेंच्या संचांना अरुंद वाहिन्या वापरायला लावले आणि जुने संच मोडीत निघाले. ते हौशांनी स्वस्तात उचलले आणि डोंगरांवर रिपीटर वाढत गेले. जुन्या गृहीतकाला तडा गेला तो येथे. वारंवारता कोणाची नव्हती, पण डोंगरावरचे यंत्र कोणाचे तरी होते.

ज्यांनी पैसे घातले त्यांना वाटू लागले, की यंत्र आमचे, तर बोलायचेही आम्हीच. त्यासाठी साधनही तयार होते. बोलणाऱ्याच्या आवाजाखाली एक मंद, सलग सूर मिसळायचा, उदाहरणार्थ ८८.५ हर्ट्झचा. तो सूर आला तरच रिपीटर कान उघडतो. मोटोरोला कंपनीने या युक्तीला ‘प्रायव्हेट लाइन’ असे नाव दिले. ते दिशाभूल करणारे आहे, कारण त्यात खासगी काहीच नसते. सूर माहीत नसलेल्याला त्या रिपीटरमधून बोलता येत नाही, पण सर्वांचे बोलणे ऐकता मात्र येते. म्हणून या सुराला कुलूप म्हणण्यापेक्षा द्वारपाल म्हणणे बरे. मुळात तो आला तो भरकटलेल्या संकेतांनी आणि विद्युत गोंगाटाने रिपीटर उगाच चालू होऊ नये म्हणून. आजही बहुतेक खुल्या रिपीटरना सूर असतो आणि तो सर्वांना सांगितलेला असतो. सूर दिसला की रिपीटर बंदिस्त, असा समज नवख्याने करून घेऊ नये. रिपीटर बंदिस्त होतो तो सूर लपवल्याने, किंवा सूर माहीत असूनही सभासदाव्यतिरिक्त कोणी बोलू नये असे मालकाने जाहीर केल्याने. अमेरिकेतील नियमांनी रिपीटरचा वापर ठरावीक जणांपुरता ठेवण्याची मुभा मालकाला स्पष्टपणे दिली.

आमच्या भागातील वाचकाला हा वाद परका वाटू नये. कृष्णाकाठच्या उपसा सिंचन संस्थांचे उदाहरण घ्या. नदी सर्वांची, पण पंप, पाइप आणि कर्ज सभासदांचे. म्हणून पाणी सभासदांच्या शेताला. साखर कारखान्यांतही सभासदाचा ऊस आणि बिगरसभासदाचा ऊस हा भेद आहे. यात अन्याय आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. ज्याने जमीन तारण ठेवली त्याची बाजू खरीच असते. मग रिपीटरला तोच न्याय का लावू नये? आमच्या मते तो पुरता लागू होत नाही. एकाने पाणी घेतले तर दुसऱ्याचे तेवढे कमी होते. रिपीटर मात्र दिवसातील बहुतेक वेळ गप्पच असतो. पाहुण्याने दोन मिनिटे वापरला तर सभासदाचे नुकसान होते ते बॅटरीतल्या चिमूटभर विजेचे. लॉस एंजेलिससारख्या शहरात, जेथे रिपीटरवर बोलायला रांग लागते, तेथे पाण्याची उपमा जवळची ठरते. सातारा-सांगलीत हौशांची संख्याच तोकडी. येथे रांगेपेक्षा शांततेची भीती जास्त.

आम्ही परवाना घेतला तेव्हाचा अनुभव सांगण्यासारखा आहे. घाटमाथ्यावरचा एक रिपीटर आम्हाला छान ऐकू येत असे. सलग तीन संध्याकाळी आम्ही दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आपले संकेतनाम उच्चारले. उत्तर नाही. चौथ्या दिवशी एका बुजुर्ग आवाजाने विचारले, “आपण सभासद आहात का?” नाही म्हटल्यावर त्यांनी शांतपणे संभाषण पुढे चालू केले. आम्ही रागावलो हे कबूल केले पाहिजे. नंतर दुसऱ्या, खुल्या रिपीटरवर गेलो. तेथे पहिल्याच हाकेला तिघांनी उत्तर दिले. एकाने आमचा आवाज संचाच्या फार जवळून येतो हे सांगितले आणि दुसऱ्याने आमची अँटेना आडवी धरल्याची चूक दाखवली. जे शिकलो ते तेथेच. पण दोन पावसाळ्यांनंतर हा खुला रिपीटर मुका झाला. बॅटरीतील पाणी आटले होते आणि डोंगर चढायची पाळी कोणाची हे कोणीच ठरवले नव्हते. बंदिस्त रिपीटर मात्र एक दिवसही बंद पडला नाही. वर्गणीची वही ठेवणारा तो बुजुर्ग आवाज दर पावसाळ्याआधी स्वतः वर जाऊन येत असे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

येथे नियमांची एक बाब सांगितली पाहिजे. हौशी सेवेची व्याख्याच अशी आहे, की तीत आर्थिक लाभाचा हेतू नसावा. निरोप पोचवण्याचे पैसे घेता येत नाहीत. देखभालीची वर्गणी ही वेगळी गोष्ट आहे, पण वर्गणी म्हणजे बोलण्याचे भाडे असे कोणी समजू लागला तर सीमा पुसट होते. आणि बिनपरवाना बोलणे हा गुन्हा आहे, रिपीटर कितीही खुला असो. बाजारात संच स्वस्त मिळतो म्हणून तो घेऊन कळ दाबू नये. पोलिसांचे बिनतारी जाळे तर कायद्यानेच बंद असते आणि ते तसेच असले पाहिजे.

हा वाद केवळ शिष्टाचाराचा राहत नाही तो पुराच्या वेळी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी वीज जाते, डिझेल पोचत नाही आणि मोबाइलचे मनोरे एकेक करून गप्प होतात. मदतीला येणारा हौशी पुण्याचा, मुंबईचा किंवा बेळगावचा असू शकतो. त्याला सूर माहीत नसेल तर बॅटरीवर जिवंत असलेला रिपीटर त्याच्या दृष्टीने दगडच. मालक आयत्या वेळी सूर जाहीर करील हे खरे, पण तो ज्या फोनवरून जाहीर करणार तो फोनच चालू नसतो.

म्हणून नव्या परवानाधारकाला आम्ही एवढेच सांगतो, की आधी आठवडाभर ऐकावे. कोण केव्हा बोलतो आणि पाहुण्यांशी कसे वागतो हे लगेच कळते. बोलताना दोन वाक्यांमध्ये श्वासभर जागा सोडावी. कोणाला तातडीचा निरोप द्यायचा असेल तर तो त्याच फटीतून आत येतो. रिपीटर बंदिस्त असेल तर परवानगी मागावी, आणि खुला असेल तर बॅटरी कोण भरतो याची चौकशी करून आपला वाटा न मागता द्यावा. त्याबरोबर रिपीटरशिवाय, थेट संचावरून संचाला बोलण्याचा सरावही ठेवावा, कारण वीज पडली तर डोंगरावरचे यंत्र पहिले जाते.

त्या मुक्या झालेल्या रिपीटरचे पुढे काय झाले? आम्ही सातजणांनी वर्गणी काढून नवी बॅटरी घेतली आणि ती वर नेताना बंदिस्त रिपीटरच्या त्या बुजुर्गांना वाट विचारली. ते स्वतःच बरोबर आले. चढताना त्यांनी बॅटरीची एक बाजू धरली होती. वर पोचल्यावर त्यांनी आमची नळकांडी पुन्हा जुळवून दिली आणि खिशातून एक चिठ्ठी काढून हातात ठेवली. तिच्यावर त्यांच्या रिपीटरचा सूर लिहिलेला होता.