कीर्तीनंतरची तालीम

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सह्याद्रीच्या कुशींत, चंदगड वसलेलें आहे. एका अंगास कोंकण, दुसऱ्या अंगास बेळगांव, आणि घाट उतरून गेलें कीं गोमंतक, असा हा तिठ्यावरचा मुलूख. ताम्रपर्णीचें पाणी, पारगडचा किल्ला, रवळनाथाचें देवालय आणि चार महिन्यांचा धुवांधार पाऊस, एवढीच त्याची बाहेरच्या जगाला ओळख. येथील माणसांचे पाय मात्र बाजारहाटासाठीं, शिक्षणासाठीं आणि गाण्यासाठीं पिढ्यान् पिढ्या बेळगांवकडे वळत आले. बेळगांव येथून कोल्हापूरपेक्षां कितीतरी जवळ. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत चंदगड हा बेळगांव जिल्ह्याचाच भाग होता. त्या दिवशीं बेळगांव म्हैसूर राज्यांत गेलें. चंदगड तेवढें मुंबई राज्यांत राहिलें आणि कोल्हापूरला जोडलें गेलें.

त्याच बेळगांव जिल्ह्यांतील सुळेभावी नांवाच्या खेड्यांत ८ एप्रिल १९२४ रोजीं एक मुलगा जन्मास आला. त्याच्या आधीं तीन वर्षांच्या आंत आणखी दोन मुलगे जन्मले होते. पहिला कुरुंदवाडच्या पलुसकर घराण्यांतला, दुसरा गदगच्या जोशी घराण्यांतला. कृष्णेपासून तुंगभद्रेपर्यंतच्या या एका पट्ट्याशीं तिघांचेंही नातें. पुढें हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासांत तिघांचीं नांवें अजरामर झालीं. बालवयांतील यश म्हणजे काय, आणि त्याचें पुढें काय करावें, या प्रश्नाचें उत्तर या तीन मुलांच्या चरित्रांत जितकें स्पष्ट मिळतें, तितकें क्वचितच दुसरीकडे मिळेल.

या मुलांचें नातें याच पट्ट्याशीं असावें हा केवळ योगायोग नव्हे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी मोठ्या कष्टानें महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं मिरज-इचलकरंजीस शिष्य घडविले. शाहू छत्रपतींच्या आश्रयानें अल्लादियाखांसाहेब कोल्हापुरास राहिले. अब्दुल करीमखांसाहेबांनीं मिरजेस घर केलें, आणि रामकृष्णबुवा वझे बेळगांवास स्थायिक झाले. मिरजेचे कारागीर भोपळ्याचे तंबोरे घडवीत होते. पुणें, मिरज, बेळगांव, धारवाड, हुबळी हीं गांवें आगगाडीनें एकमेकांस जोडलीं गेलीं होतीं, आणि त्याच आगगाडीनें नाटक मंडळ्यांचे पेटारे गांवोगांव फिरत होते. गवयाच्या घरीं न जन्मलेल्या मुलाच्या कानांवरही अशा वातावरणांत उत्तम गाणें पडे, आणि कानांवर पडलेलें गाणें गळ्यांत उतरावयास वेळ लागत नसे.

सुंदर आवाजाच्या मुलाला त्या काळीं पहिली मागणी येई ती नाटक मंडळीकडून. स्त्रीभूमिका मुलगेच करीत, त्यामुळें कोवळ्या गळ्याला मोल होतें. नारायण राजहंस या लहान मुलाचें गाणें ऐकून लोकमान्य टिळकांनीं ‘बालगंधर्व’ असा त्याचा गौरव केला असें सांगतात. १८८८ सालीं जन्मलेले नारायणराव १९६७ सालीं, एकोणऐंशीव्या वर्षीं निवर्तले. परंतु लोकांच्या तोंडीं ते अखेरपर्यंत ‘बाल’च राहिले. पुढें कोणी ‘छोटा गंधर्व’ झाला, कोणी ‘कुमार गंधर्व’ झाला. या पदव्या प्रेमानें दिलेल्या, यांत शंका नाहीं. पण मुलाचें लहानपण हीच त्याची थोरवी, असा एक भाव त्यांत नकळत दडलेला असे.

कोल्हापूरचे केशवराव भोसले हें या परंपरेंतील सर्वांत तेजस्वी उदाहरण. जन्म १८९० चा. अगदीं लहान वयांत ते नाटक मंडळींत दाखल झाले, आणि पोरवयांतच त्यांची ‘शारदा’ गाजली. १९०८ च्या आरंभीं हुबळीस त्यांनीं ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली, तेव्हां त्यांचें वय अवघें सतरा वर्षांचें होतें. जुलै १९२१ मध्यें मुंबईस बालगंधर्वांसमवेत त्यांनीं टिळक स्वराज्य फंडासाठीं संयुक्त ‘मानापमान’ केलें. आणि त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत, एकतिसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. एवढ्या थोड्या आयुष्यांत, मंडळीचा सारा भार डोक्यावर असतां, केशवराव वझेबुवांकडे शिकत राहिले. टाळ्यांचा कडकडाट नित्य कानीं पडत असूनही आपल्याला अद्याप शिकावयाचें आहे, हें त्यांना कळलें होतें.

सर्वांचें भाग्य असें नव्हतें. तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलाचा आवाज फुटतो. ज्या गळ्यावर काल तिकिटें खपत होतीं, तोच गळा आज घोगरा होतो. ज्याच्या गाण्याखालीं विद्येचा पाया नव्हता, अशा मुलाला मग मंडळींत किरकोळ कामें करावीं लागत, नाहीं तर घरची वाट धरावी लागे. अशा मुलांचीं नांवें इतिहासानें टिपून ठेविलीं नाहींत. बालगायकांचा इतिहास सांगतांना त्यांची आठवण ठेवणें अवश्य आहे. कारण प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या यशाची खरी किंमत त्यांच्याशींच तोलून पाहावी लागते.

आतां सुळेभावीच्या मुलाकडे वळूं. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हें त्याचें मूळ नांव. घर लिंगायत, भाषा कानडी, आणि वडिलांना स्वतःला गाण्याचें अंग. मुलाला कोणी बसवून शिकविलें नव्हतें. परंतु ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून ऐकलेलें थोर गवयांचें गाणें तो जसेंच्या तसें म्हणून दाखवी. शब्द, सूर, तान, इतकेंच काय, गवयाची लकबही त्याच्या गळ्यांतून उमटे. सातव्या वर्षाच्या सुमारास एका मठाच्या स्वामींनीं त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली. गांवोगांव जलसे होऊं लागले. १९३५ च्या सुमारास अलाहाबादच्या संगीत परिषदेंत आणि त्यानंतर मुंबईस जिना हॉलमध्यें, मोठमोठ्या उस्तादांसमोर, हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला आणि सभा थक्क झाली.

येथें क्षणभर थांबून विचार करावयास हवा. सभा थक्क झाली ती कशानें? मुलगा गात होता, पण गाणें दुसऱ्याचें होतें. आरशांत पडलेलें प्रतिबिंब कितीही हुबेहूब असलें, तरी आरशाला स्वतःचा चेहरा नसतो. अनुकरण ही हलकी गोष्ट आहे असा याचा अर्थ नव्हे. सूक्ष्म कान, तीव्र स्मृति आणि आज्ञाधारक गळा असल्यावांचून असें अनुकरण साधतच नाहीं. ती विद्येची उत्तम पूर्वतयारीच आहे. पण तयारी म्हणजे प्राप्ति नव्हे. ‘हें असें कां?’ हा प्रश्न ज्या दिवशीं मुलाच्या मनांत उठतो, त्या दिवशीं त्याच्या विद्येला आरंभ होतो. आणि टाळ्यांच्या गजरांत तो प्रश्न उठणें फार कठीण असतें.

कुमारांच्या वडिलांनीं या वेळीं जें केलें, त्यास मोठें मन लागतें. जलसे ऐन भरांत असतां १९३६ सालीं त्यांनीं मुलाला मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या हवालीं केलें. देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य, पदवीधर आणि पाश्चात्य संगीताचेही जाणकार. आवाजाच्या जोपासनेचा त्यांनीं शास्त्रीय दृष्टीनें अभ्यास केला होता. १९२५ सालीं काढलेल्या त्यांच्या विद्यालयांत निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांचें येणें-जाणें असे. देशभर नांव झालेला मुलगा तेथें विद्यार्थी म्हणून बसला. जें गळ्यांत आपोआप आलें होतें, त्याचा एकेक धागा उकलून पाहणें, राग म्हणजे काय, बंदिशीची बांधणी कशी असते, हें मुळापासून समजून घेणें, हा त्याचा पुढील कित्येक वर्षांचा उद्योग झाला. अंजनीबाई मालपेकरांचेंही मार्गदर्शन त्याला लाभलें. अनेक घराण्यांचें गाणें देवधरांनीं त्याच्या कानांवर घातलें, पण त्यांतल्या कोणत्याही एकाची नक्कल हें ध्येय त्याच्यासमोर ठेविलें नाहीं.

दुसऱ्या मुलाची, दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांची, कथा निराळी. कुरुंदवाडांत जन्मलेले त्याचे वडील विष्णु दिगंबर हे स्वतःच बालपणीं आघात सोसून वर आलेले. दारूकामाच्या अपघातांत त्यांची दृष्टि अधू झाली, म्हणून शाळेचा मार्ग खुंटला आणि मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणें शिकण्याचा मार्ग निघाला. १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून त्यांनीं संगीत-शिक्षणाला प्रतिष्ठा दिली. परंतु मुलाला हाताशीं घेऊन घडविण्यास त्यांना आयुष्य पुरलें नाहीं. १९३१ सालीं ते निवर्तले, तेव्हां दत्तात्रेय दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनीं गुरूचें ऋण गुरुपुत्राला विद्या देऊन फेडलें. १९३५ सालीं जालंदरच्या हरिवल्लभ संमेलनांत चौदा वर्षांचा हा मुलगा प्रथम गायला. श्रोत्यांनीं त्यांत वडिलांची छाया पाहिली असल्यास नवल नाहीं. पुढें अखंड अभ्यासानें त्यानें आपलें गाणें इतकें निर्मळ, इतकें आटोपशीर केलें कीं, थोड्या मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेंतही रागाचें पूर्ण दर्शन घडावें. ऑक्टोबर १९५५ मध्यें अवघ्या चौतिसाव्या वर्षीं मृत्यूनें त्याला गांठलें. एवढ्या थोड्या काळांत तो जेथें पोहोंचला, तेथें लवकर मिळालेल्या कीर्तीनें नव्हे, तर लवकर आरंभलेल्या विद्येनें पोहोंचला.

तिसऱ्या मुलाला बालपणीं कोणी गंधर्व म्हटलें नाहीं. गदगच्या भीमसेन जोशी यांनीं अब्दुल करीमखांसाहेबांची तबकडी ऐकली, आणि असें गाणें आपल्याला आलें पाहिजे या ध्यासानें १९३३ सालीं, अकराव्या वर्षीं, घर सोडलें. ग्वाल्हेर, कलकत्ता असा गुरूच्या शोधांत हिंडत हा मुलगा जालंदरास पोहोंचला. तेथें त्याला विनायकराव पटवर्धन भेटले, आणि तुझ्या मुलुखांतच सवाई गंधर्व असतां इतक्या दूर कशाला आलास, अशा अर्थाचा उपदेश त्यांनीं केला. गुरु घराजवळ कुंदगोळांत होता, आणि त्याचा पत्ता पंजाबांत मिळाला! १९३६ पासून भीमसेनांनीं सवाई गंधर्वांकडे राहून, पाणी भरण्यापासून गुरुगृहींचीं कामें करीत, विद्या मिळविली. आणि १९४१ सालीं, एकोणिसाव्या वर्षीं, त्यांची पहिली मैफल झाली. २००८ सालीं त्यांना भारतरत्न जाहीर झालें.

हीं तीन चरित्रें शेजारीं ठेविलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. एकाला कीर्ति आधीं मिळाली, एकाला वारसा आधीं मिळाला, एकाला कांहींच मिळालें नाहीं. तथापि १९३६ साल उजाडेपर्यंत किंवा त्या सालीं तिघेही गुरूसमोर बसले होते. आरंभ निराळा, पण बैठक एकच. आणि प्रत्येकाच्या बाबतींत कोणातरी वडीलधाऱ्या माणसाचा निर्णय निर्णायक ठरला: जलसे थांबविणारा बाप, गुरूचें ऋण मानणारे शिष्य, परक्या मुलाला योग्य दार दाखविणारा अनुभवी गायक.

देवधरांकडील शिक्षणाची कसोटी पुढें फार कठोर रीतीनें लागली. १९४७ सालीं कुमारांचें लग्न झालें, आणि लगोलग क्षयानें त्यांना घेरलें. कोरड्या हवेसाठीं १९४८ सालीं ते माळव्यांतील देवासला गेले. गाण्यास मनाई, वर्षामागून वर्ष अंथरुणावर. नुसत्या गळ्याच्या बळावर उभा असलेला गायक येथें संपला असता. कुमारांचा गळा मिटला होता, पण कान आणि विचार जागे होते. खिडकीबाहेरून येणारीं माळव्याचीं लोकगीतें ते ऐकत राहिले, आणि त्या धुनांत रागांचीं बीजें शोधीत राहिले. स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हांच्या नव्या औषधानें गुण आला. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालें असतां ते पुन्हां गाऊं लागले, तेव्हां त्यांचें गाणें कोणाचेंही प्रतिबिंब राहिलेलें नव्हतें. धुनांतून त्यांनीं नवे राग उभे केले. त्यांच्या रचनांचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ १९६५ सालीं निघाला. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नांवाचा कार्यक्रमही त्यांनीं केला. लहानपणीं त्यांनीं थोरांचें गाणें उचललें होतें. प्रौढपणीं ते उमजून सांगूं लागले. १२ जानेवारी १९९२ रोजीं त्यांचें निधन झालें.

आज तबकडीची जागा हातांतल्या भ्रमणध्वनीनें घेतली आहे. कोणत्याही खेड्यांतील मुलाला कोणत्याही उस्तादाचें गाणें क्षणांत ऐकतां येतें, आणि दूरचित्रवाणीवरील स्पर्धांमुळें आठव्या-नवव्या वर्षीं लक्षावधि लोकांसमोर उभेंही राहतां येतें. विद्येची सोयही वाढली आहे. विष्णु दिगंबरांच्या पश्चात् १९३१ सालीं त्यांच्या शिष्यांनीं स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा लहान गांवांपर्यंत पोहोंचल्या आहेत. साधनें भरपूर आहेत. उणीव पडते ती धीराची. मुलाच्या पहिल्या बक्षिसानें घर हरखून जातें, पाहुण्यांसमोर त्याला उभें केलें जातें, आणि तींच चार गाणीं वर्षानुवर्षें म्हणून घेतलीं जातात.

अशा घरांतील आईबापांनीं सुळेभावीच्या त्या गृहस्थाची आठवण ठेवावी. मुलगा प्रसिद्ध झाला होता, मिळकत होत होती, बोलावणीं येत होतीं. तरीही त्यानें त्याला मुंबईची वाट दाखविली. चंदगडच्या एखाद्या भजनांत, पावसाळ्याच्या रात्रीं, आजही एखादें पोर मोठ्यांच्या सुरांत सूर मिळवून सर्वांना चकित करीत असेल. त्याला शाबासकी अवश्य द्यावी. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच्यासाठीं चांगला गुरु कोठें आहे, याची चौकशी आरंभावी.