ओनामा ते अंगणवाडी : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात बालवर्गाच्या नियोजनाचा इतिहास

१

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके नकाशावर एकमेकांस लागून असले, तरी त्यांच्या पोटात दोन निरनिराळे प्रदेश नांदतात. पूर्वेकडे मंचर, नारायणगाव, ओतूर यांच्या आसपासचा बागायती मुलूख आहे. तेथे ऊस, कांदा, द्राक्षे व टोमॅटो ही पिके होतात. पश्चिमेकडे घोड, मीना व कुकडी यांच्या उगमांकडील डोंगराळ पट्टा असून तेथे प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. या पट्ट्यात जीवन चालते ते खाचरांतील भातावर, वरकस जमिनीतील नाचणी-वरईवर आणि रानातील हिरड्यावर. या दोन्ही प्रदेशांतील मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यापुढे अक्षरांचा तक्ता एकच असतो आणि वर्षाची आखणीही एकच असते.

बालवर्गाचे नियोजन, म्हणजे कोणती कृती कोणत्या वेळी व कोणत्या क्रमाने करून घ्यावयाची याची शिक्षकाने केलेली मांडणी, ही वरवर पाहता केवळ व्यवहाराची बाब वाटते. वस्तुतः तिच्यामागे दोन दीर्घ परंपरा उभ्या आहेत. एक वर्णक्रमाची व दुसरी वेळापत्रकाची. विसाव्या शतकातील बालशिक्षणाच्या चळवळीने यांपैकी दुसरी परंपरा पुष्कळ अंशी सैल केली. पहिलीस मात्र तिचा हात फारसा लागला नाही. डोंगरपट्ट्यातील मुलाच्या दृष्टीने या अपुऱ्या राहिलेल्या कार्याचे मोल काय, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजीच्या शाळेत मुलाचा प्रवेश धूळपाटीवर होई. पाटीवर पसरलेल्या धुळीत बोटाने अथवा काडीने अक्षर गिरवावयाचे, ते पुसावयाचे व पुन्हा गिरवावयाचे, हा तेथील पहिला पाठ. आरंभीच्या ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाचे मुलांच्या तोंडी ‘ओनामासीधं’ झाले आणि त्यातूनच ‘ओनामा’ हा आरंभवाचक शब्द मराठीत रूढ झाला. या वचनाचा संबंध कातंत्र व्याकरणाच्या परंपरेशी जोडला जातो. म्हणजे मराठी मुलाच्या पहिल्या धड्याच्या मुळाशी एक व्याकरणपरंपरा उभी होती. वर्णमालेचा कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हा क्रम ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत सूक्ष्म व निर्दोष आहे. परंतु वर्गीकरण ही अभ्यासाच्या अखेरीस हाती येणारी वस्तू होय. ज्याला ध्वनी वेगळे करून ऐकण्याची सवयच नाही अशा बालकाला ते आरंभीच देणे म्हणजे पेरणीपूर्वी कापणीचा हिशेब शिकविण्यासारखे आहे.

धूळपाटीनंतर बोरू, मोडी लेखन, आणि त्याबरोबर उजळणी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे एका सुरात म्हटले जात. सायंकाळचा परवचा हा घर व शाळा यांना सांधणारा दुवा होता. या शाळेत दोन गुण होते. एक, तिचे साहित्य गावातच मिळणारे व फुकटचे होते. दोन, मोडी लिपीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नसल्याने मुलाच्या उच्चारावर व लेखनावर शुद्धाशुद्धतेचे ओझे कमी होते. परंतु ज्या घरांना जमाखर्च, पत्रव्यवहार वा पोथीवाचन यांची गरज होती, त्या घरांतील मुलग्यांपुरतीच ही शाळा मुख्यत्वे होती. मुली व डोंगरातील कष्टकरी यांची मुले तिच्या कक्षेबाहेरच राहिली.

३

धुळीत अक्षरे गिरवण्याची व मोठ्या विद्यार्थ्याने लहानास शिकविण्याची ही पद्धत मद्रास येथे डॉ. अँड्र्यू बेल याने पाहिली, अनाथालयातील मुलांवर तिचा प्रयोग केला आणि 1797 मध्ये त्यावरील वृत्तांत इंग्लंडात प्रसिद्ध केला. जोसेफ लँकेस्टर यानेही अशाच मार्गाने शाळा चालविल्या. पुढे 1822 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या आणि नंतर बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने लँकेस्टरची पद्धत स्वीकारली. एतद्देशीय शाळेतून गेलेली कल्पना अशा रीतीने परदेशी नाव घेऊन परत आली. परत येताना तिच्यासोबत घंटा, तक्ते, तुकड्या व छापील पुस्तके आली.

छापील पुस्तकाने बालवर्गात दोन बदल घडविले. मोडीच्या जोडीला बालबोध लिपी आली व क्रमाने तिने मोडीची जागा घेतली. तसेच मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या क्रमिक पुस्तकांनी मराठी गद्याला एक प्रमाण रूप दिले. प्रमाण भाषेचा लाभ मोठा आहे, हे निर्विवाद. परंतु तोपर्यंत ज्या बोलीने मूल बोलत होते तीच आता वर्गात चूक ठरू लागली. ‘आज काय करावयाचे’ या शिक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर मुलाकडून न येता पुस्तकाच्या पानाकडून येऊ लागले.

या स्थितीवरील मर्मग्राही टीका 1882 साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात आढळते. प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, ही त्यांची मागणी सर्वपरिचित आहे. शिक्षकाविषयी व अभ्यासक्रमाविषयी त्यांनी जे म्हटले ते तितकेच महत्त्वाचे आहे. शिक्षक शेतकरी वर्गातून आलेला, त्या लोकांत मोकळेपणाने मिसळणारा व त्यांच्या गरजा जाणणारा असावा. मोडी-बालबोध वाचन-लेखन व हिशेब यांबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान द्यावे. खेड्यातील शाळेचा अभ्यास शहरापेक्षा थोडका असला तरी चालेल, पण तो कमी उपयुक्त नसावा. शाळेला जोडून लहानसे नमुन्याचे शेत असावे, असा त्यांचा आग्रह होता. ज्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या त्यांच्या ग्रंथात शेतकऱ्याच्या अज्ञानाची कारणमीमांसा आहे, तो 1883 चा आहे. जुन्नर व ओतूर ही सत्यशोधक समाजाची प्रभावी केंद्रे होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराचा प्रस्तुत प्रदेशाशी असलेला संबंध स्पष्ट होतो. तथापि फुले यांचे शिक्षकविषयक सूत्र पुढील अर्धशतकात धोरणात उतरले नाही.

४

बालकांच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार येथे सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. 1926 मध्ये त्यांनी व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. माँटेसरीच्या तत्त्वांचा त्यांनी स्वीकार केला. पण माँटेसरीची साधने महाग होती आणि शहरी शिशुमंदिरांपलीकडे त्यांचा प्रसार होणे कठीण होते. ही अडचण ओळखून ताराबाईंनी 1945 च्या डिसेंबरात ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे 1957 मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले.

बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाचे ऐतिहासिक महत्त्व नियोजनाच्या दिशेत आहे. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगण बालवाडी’ ही संज्ञा यातून आली. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, माती हे तेथील साहित्य झाले. कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात गेला व त्या शाळेला ‘कुरणशाळा’ असे सार्थ नाव मिळाले. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ ही कल्पनाही त्यांचीच. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या मुलीला शाळेत आणावयाचे तर धाकट्यालाही शाळेत जागा हवी, हा साधा व्यवहार तिच्या मुळाशी आहे. वेळ, स्थळ व साहित्य या तिन्ही बाबतींत मुलाच्या घराने शाळेला नमवले, असे या प्रयोगाचे सार सांगता येईल.

अंगणवाडी हा शब्द पुढे राष्ट्रीय झाला. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांत सुरू झाली व तिच्या केंद्रांस ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत एकत्र आल्या. त्यांपैकी पहिल्या पाचांची मोजदाद करता येते. वजन नोंदता येते, आहाराचे माप लिहिता येते. गोष्ट कशी सांगितली याचे माप नोंदवहीत बसत नाही. त्यामुळे ताराबाईंच्या कल्पनेतील अंगण नावात राहिले, पण सेविकेचा दिवस नोंदवह्यांनी व्यापला.

५

आता वर्णक्रमाच्या परंपरेकडे वळावयाचे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाची स्थापना 1967 साली झाली व राज्यभर एकरूप पुस्तके पोहोचली. तक्त्यावरील चित्र व अक्षर यांची जोडी मात्र पूर्वीचीच राहिली. ही जोडी एका गृहीतावर उभी असते. ते असे की, चित्र पाहून मुलाच्या तोंडून जो शब्द येईल त्यात शिकवावयाचा ध्वनी असेलच.

ग्रामीण बोलींत हे गृहीत अनेकदा कोसळते. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ‘ण’च्या जागी ‘न’ सर्रास ऐकू येतो. तक्त्यावरील बाणाचे चित्र पाहून मूल ‘बान’ म्हणते. त्याला तेथे ‘ण’ सापडावा तरी कोठून? शब्दारंभीच्या ‘ए’पूर्वी ‘य’ व ‘ओ’पूर्वी ‘व’ हा श्रुतिवर्ण येतो. म्हणून एडका ‘येडका’ होतो आणि ओढा ‘वढा’ होतो. उलट ‘इ’कारापूर्वीचा ‘व’ गळतो. विळा ‘इळा’ होतो, वीट ‘ईट’ होते. ही रूपे भ्रष्ट नव्हेत. ती नियमबद्ध आहेत आणि त्यांचा नियम सांगता येतो. ‘ओ ओढ्याचा’ असे शिक्षकाने म्हटल्यावर जे मूल ‘व’ म्हणते, त्याने ध्वनी अचूक ऐकून अचूक सांगितला आहे. वर्गात मात्र ते उत्तर चुकले असे ठरते. पहिल्याच महिन्यात बरोबर ऐकूनही चूक ठरलेले मूल दुसऱ्यांदा उत्तर देण्यास कचरते. हे मौन पुढे ‘मंदबुद्धी’ म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो.

या प्रश्नावर भाषाशास्त्राच्या बाजूने झालेले महत्त्वाचे कार्य फलटणचे आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलींतील विविधतेवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. 1978 मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था व 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केले. वाचन शिकविताना त्यांनी वर्णमालेचा क्रम बाजूस ठेवून अक्षरांचे छोटे गट केले व प्रत्येक गटातील अक्षरांपासून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावयास दिले. येथे वर्णक्रमाच्या परंपरेस प्रथमच सुसंगत पर्याय मिळाला.

६

डोंगरपट्ट्याच्या संदर्भात या पर्यायाचे मूल्य अधिक आहे. शाळेचे वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. नेमक्या त्याच वेळी पश्चिमेकडे पाऊस कोसळू लागतो व पाठोपाठ भाताची लावणी येते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे पूर्वेकडील बागायती गावांत मजुरीस जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाळहिरडा वेचण्याचे काम असते. वर्णमाला सलग शिकविणाऱ्या नियोजनात आठ दिवस चुकलेले मूल कायमचे मागे पडते. गटांनी शिकविणाऱ्या नियोजनात प्रत्येक गट स्वतःपुरता पूर्ण असल्याने परतलेल्या मुलाला पुन्हा प्रवेश मिळतो.

या दृष्टीने या भागातील पहिल्या काही आठवड्यांची आखणी कशी व्हावी, हे इतिहासातूनच सुचते. जून-जुलैत लेखन दूर ठेवून मुलांच्याच बोलीत गोष्टी, पावसाचे व लावणीचे बोलणे, मातीकाम व धूळपाटीवरील रेषा एवढेच असावे. त्यानंतरचा पहिला अक्षरगट अशा शब्दांतून निवडावा, की ज्यांचा आद्यध्वनी बोलीत व प्रमाण भाषेत एकच आहे. गाय, भात, माती, काठी, राब, ताक हे त्यांतले. ‘ण’, आरंभीचे ‘ए’ व ‘ओ’ आणि ‘वि’ ही अक्षरे पुढे घ्यावीत. ती घेताना ‘घरी वढा म्हणतो, पुस्तकात ओढा लिहितो’ असे दोन्ही रूपांचे नाते उघड सांगावे. गणनेसाठी हिरड्याची फळे पुरेशी आहेत. बाळहिरडा व मोठा हिरडा निराळे करणे, दहा-दहाचे ढीग लावणे, ओले व वाळलेले तोलून पाहणे यांत वर्गीकरण, संख्या व वजन ही तिन्ही अंगे येतात. हिरड्याच्या दोन जातींच्या भावांतील अंतर तर मुलाने घरीच ऐकलेले असते.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर मानला आणि 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्यासाठी खेळ व घरची भाषा यांना मध्यवर्ती स्थान दिले. अंगणवाडी व पहिली-दुसरी यांना जोडणारा हा विचार विकासवाडीच्या जवळचा आहे. परंतु ‘घरची भाषा मराठी’ एवढी नोंद करून हा प्रश्न सुटत नाही. कारण आंबेगावच्या डोंगरातील मराठी व पुस्तकातील मराठी यांमधले अंतर त्या एका शब्दाखाली झाकले जाते. ते अंतर मोजणे हे बोलींच्या अभ्यासकाचे काम आहे. त्या मोजणीवरून अक्षरांचा क्रम ठरविणे हे शिक्षकाचे काम आहे. ही दोन कामे एकत्र येणे ही फुले यांनी 1882 साली वर्णिलेल्या शिक्षकाकडे, म्हणजे ज्या लोकांत शिकवावयाचे त्यांच्यात मोकळेपणाने मिसळणाऱ्या शिक्षकाकडे जाण्याची पहिली पायरी ठरेल.