खिशात ओकच्या बिया घेऊन फिरणारा अॅडमिरल

आज आपण जातोय १८०२ सालच्या इंग्लंडमध्ये. नेपोलियनशी तात्पुरता तह झालाय आणि एक पन्नाशी ओलांडलेला नौदल अधिकारी मॉर्पेथ गावी घरी परतलाय. नाव कथबर्ट कॉलिंगवूड. सोबत बाउन्स नावाचा कुत्रा आणि खिशात ओकच्या मूठभर बिया. फिरता फिरता बरी जागा दिसली, की हा बी जमिनीत दाबायचा आणि पुढे चालू लागायचा.

आता तुम्ही म्हणाल, निसर्गप्रेमी असेल. छे! त्याच्या डोक्यात जहाजं होती. नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’साठी सुमारे ६,००० झाडं लागली होती, त्यातली बहुतेक ओकची. आणि ओक जहाजाच्या कामाचा व्हायला शंभरेक वर्षं लागतात. म्हणजे हा माणूस थेट नातवंडा-पतवंडांच्या लढायांची तयारी करत होता!

१८०३ मध्ये युद्ध पुन्हा पेटलं. कॉलिंगवूड समुद्रावर गेला तो गेलाच. १८०५ ला ट्रफाल्गरमध्ये नेल्सन पडला आणि ताफ्याची सूत्रं याच्याकडे आली. बायको आणि दोन मुलींची भेट परत कधीच झाली नाही. पत्रांतून मात्र तो ओक लावण्याबद्दल लिहीत राहिला. १८१० मध्ये जहाजावरच वारला.

त्याची काळजी खोटी नव्हती बरं का. इंग्लंडमध्ये ओक खरंच कमी पडला आणि ब्रिटिश नौदलाची जहाजं आपल्या मुंबईच्या गोदीत, मलबारच्या सागवानातून बांधली जाऊ लागली. वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही तरंगतंय, इंग्लंडमधल्या हार्टलपूलला. मॉर्पेथपासून फार लांब नाही!

जहाज आणि झाड यांचा हिशोब आपल्याकडेही झाला होता, पण उलट्या बाजूने. १७१५ च्या सुमारास आयुष्याच्या अखेरीस रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाचा विषय येतो. आंबा, फणस कामाचे खरे. पण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोरांसारखी वाढवलेली असतात, तेव्हा त्यांना हात लावू नये. एखादं जीर्ण झाड हवंच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. मला विचाराल तर हे कॉलिंगवूडच्याही एक पाऊल पुढचं आहे. कारण इथे लावणाऱ्याचा हक्क आधी येतो, जहाज नंतर.

मग कॉलिंगवूडच्या ओकांचं काय झालं? १८६० मध्ये ब्रिटनने ‘वॉरियर’ पाण्यात उतरवलं. लोखंडी सांगाड्याचं! त्याने १८०३ साली रुजवलेला ओक तेव्हा जेमतेम सत्तावन्न वर्षांचा, कापायलासुद्धा लहान. पुढे तो मोठा झाला तोवर नौदलाला त्याची गरजच उरली नव्हती. नॉर्थम्बरलंडमधल्या हेथपूलला कॉलिंगवूडच्या नावाने ओळखले जाणारे ओक आजही उभे आहेत आणि खालून लोक कुत्री घेऊन फिरायला जातात.