खानदेशच्या मातीतील कालगणना

चाळीसगावच्या दक्षिणेस, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशी पाटणे हे गाव आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्याची नोंद करणारा शिलालेख याच ठिकाणी उपलब्ध झाला. त्यात शके ११२८ चा उल्लेख असल्याने त्याच्या काळाविषयी इतिहासकारास तर्क लढवावा लागत नाही. परंतु याच पाटण्याच्या भूमीतून पुरातत्त्ववेत्ते एस. ए. साळी यांनी शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे बाहेर काढले. एका तुकड्यावर दोन समांतर रेषांच्या मध्ये आडव्यातिडव्या रेघांची नक्षी मानवी हाताने कोरलेली आहे. तिच्यावर शक कोणी घातलेला नव्हता. मग तिचे वय सांगावयाचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर १९४९ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबी यांनी जगापुढे मांडले. वातावरणातील कर्बामध्ये किरणोत्सर्गी कर्ब-१४ अत्यल्प प्रमाणात मिसळलेला असतो. वनस्पती तो हवेतून घेतात व वनस्पतींच्या द्वारे तो प्राण्यांच्या शरीरात जातो. प्राणी जिवंत आहे तोवर या कर्बाची भर पडत राहते. मृत्यूनंतर भर थांबते आणि असलेला साठा ठरावीक गतीने क्षय पावू लागतो. सुमारे ५७३० वर्षांत तो निम्मा होतो, पुढील तितक्याच वर्षांत त्याचाही निम्मा. उरलेला अंश मोजला म्हणजे गेलेला काळ कळतो. या शोधाबद्दल लिबी यांना १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

अंड्याचे कवच चुनखडीचे असल्याने त्यातही कर्ब असतो. पाटण्याच्या कवचात मूळच्या कर्ब-१४ चा सुमारे बाविसावा हिस्साच उरला होता. नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन येथील प्रयोगशाळेने त्याचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरविले. पूर्वीच्या हवेतील कर्ब-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते, हे पुढे वृक्षांची वलये, गुहांतील चुन्याचे थर इत्यादी साधनांवरून सिद्ध झाले. त्यांच्याशी ताळा घेतला असता प्रत्यक्ष वर्षे सुमारे २९,००० भरतात.

आता या आकड्याचा अर्थ पाहावा. शहामृग हा घनदाट अरण्यातील पक्षी नव्हे. त्यास मोकळे, कोरडे, गवताळ मैदान लागते. म्हणजे आज ज्या भूमीत कापूस व केळी डोलताना दिसतात, तेथे त्या काळी कोरडे माळ होते आणि त्यांवरून हे उंच पक्षी धावत होते. कवच सापडले नसते तर हे माळ कल्पनेतही आले नसते. आणि कवचाचे वय कळले नसते तर ते कोणत्या युगाचे, हे सांगता आले नसते.

त्यानंतर सहस्रावधी वर्षांनी याच नद्यांच्या काठी शेतकरी स्थिरावले. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे येथे बा. क. थापर यांनी १९५५ साली, तर गिरणेच्या काठी बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५६-५७ मध्ये उत्खनन केले. पुढे साक्री तालुक्यात कान नदीकाठी कवठे येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना जमिनीत खड्डे खणून उभारलेली घरे आढळली. तापीकाठच्या सावळदे गावावरून नाव मिळालेल्या संस्कृतीची ही वस्ती असून ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आहे.

तथापि कर्बमापनाचे सामर्थ्य मातीच्या शिस्तीवर अवलंबून आहे. कोळशाचा तुकडा कोणत्या थरात, कोणत्या मडक्याशेजारी पडला होता, हे ठाऊक असेल तरच त्याच्या वयास अर्थ. खानदेशात जुन्या वस्तीच्या जागेस पांढर म्हणतात. तिची माती धाब्यावर घालण्यासाठी वा शेतात पसरण्यासाठी उकरून नेण्याची वहिवाट जुनी आहे. त्यात यंत्राने जमीन सपाट करण्याची भर पडली. थर एकदा मिसळले की कोळसा आपले वय सांगेल, पण ते कोणाचे वय, हे सांगणारा कोणी उरणार नाही. शिलालेख फुटला तरी तुकडे जुळविता येतात. विस्कटलेली पांढर पुन्हा रचता येत नाही. म्हणून आपल्या गावची पांढर उकरण्यापूर्वी तज्ज्ञास कळविणे, हे ग्रामस्थांचे आपल्याच पूर्वजांविषयीचे साधे कर्तव्य होय.